चाकांवरचं घर आणि दोन चिरे

2021 च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, तेव्हा आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत त्यावर बरीच चर्चा रंगली होती. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. काही स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या. आमचा एक सहकारी म्हणाला, "त्यात काय आहे एवढं? गाडी उभी करायची आणि झोपायचं!" मी म्हटलं, "झोपण्याआधी गाडी कुठल्या बाजूला कललीय ते बघावं लागतं." सगळे हसले. कारकुनाच्या तोंडी असलं तांत्रिक वाक्य शोभत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी बी.ए. झालेला माणूस, विषय इतिहास. स्क्रू कुठल्या दिशेने पिळायचा हेसुद्धा मला दोनदा विचारावं लागतं. पण या एका बाबतीत माझा थोडा अधिकार आहे. तो कसा, ते सांगतो, आणि त्या निमित्ताने या कलण्याचा इतिहासही सांगतो.

1993 चा हिवाळा. मी सहावीत होतो. पेडणे तालुक्यात समुद्रापासून थोड्या अंतरावर आमचं घर आणि घरामागे माडांचं लहानसं भाट. त्या काळी हरमल, मोरजी, मांद्रे या पट्ट्यात आजच्यासारखी गर्दी नव्हती. हणजुण्याचा बाजार मात्र जगभर गाजलेला होता. युरोपातून रस्त्याने गाड्या घेऊन येणाऱ्यांची एक जमात तेव्हाही शिल्लक होती. साठ-सत्तरच्या दशकात हे लोक इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला आणि तिथून गोव्याला किंवा काठमांडूला जात. 1979 मध्ये आधी इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. काबूलची वाट बंद झाली, पण इराणातून बलुचिस्तानात उतरून क्वेट्टामार्गे येणारे काही चिवट लोक पुढेही येतच राहिले. त्यांतलंच एक वयस्क जर्मन जोडपं त्या वर्षी आमच्या भाटात उतरलं. जुनी मर्सिडीज व्हॅन आणि तिच्या मागे जोडलेली पांढरी, दोन चाकांची कॅराव्हॅन. गावात सगळ्या गोऱ्यांना 'हिप्पी' म्हणायची पद्धत होती, पण हा हिप्पी रोज दाढी करायचा आणि त्याची बायको दोरीवर कपडे वाळत घालायची. आजीचा त्यामुळे फार गोंधळ उडाला होता.

आल्या दिवशी म्हाताऱ्याने जे केलं ते मी कुंपणावर बसून पाहिलं. जागा निवडल्यावर त्याने व्हॅन लगेच सोडली नाही. तो कॅराव्हॅनच्या आत गेला, काही तरी बघून बाहेर आला, एका चाकापुढे जाडसर फळी ठेवली आणि बायकोला खूण केली. तिने व्हॅन हातभर पुढे घेतली, चाक फळीवर चढलं. पुन्हा तो आत. पुन्हा बाहेर. मग दोन्ही चाकांच्या पुढे-मागे लाकडाचे ठोकळे ठोकले, आणि त्यानंतर व्हॅन वेगळी केली. शेवटी पुढचं लहान चाक हँडलने फिरवून नाक वर-खाली केलं आणि चार कोपऱ्यांचे चार पाय खाली सोडले. मला वाटलं ही काही तरी पूजा आहे. क्रम ठरलेला, घाई नाही, मध्ये कोणी बोलायचं नाही.

ही पूजा कुठून आली ते आता सांगतो.

चाकांवर घर घेऊन फिरणं काही नवीन नाही. युरोपात रोमा लोकांच्या रंगीत घोडागाड्या होत्या, आपल्याकडे गाडिया लोहार बैलगाडीत संसार करत आले. पण हौसेने, सुट्टी घालवण्यासाठी असं घर बांधून घेणारा म्हणून इंग्रजीत ज्याचं नाव पहिल्यांदा घेतात तो डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. ब्रिटिश आरमारातला निवृत्त वैद्य, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा. त्याने 1885 मध्ये ब्रिस्टलच्या वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची गाडी करून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. त्या उन्हाळ्यात तो बर्कशरमधल्या ट्वायफर्डहून निघून स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेला. सोबत गाडीवान, एक नोकर, न्यूफाउंडलंड जातीचा मोठा कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघायचा, कारण अरुंद रस्त्यावर समोरून दुसरी अवजड गाडी आली तर पंचाईत. दुसऱ्या वर्षी त्याने या प्रवासावर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून अनेकांना ही हौस लागली. 1907 मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब निघाला, त्याच्या उपाध्यक्षांत स्टेबल्स होता.

पण स्टेबल्सच्या गाडीला चार चाकं होती. चारचाकी गाडी उभी केली की ती जमिनीसारखी राहते: जमीन सपाट तर गाडी सपाट, जमीन कललेली तर गाडी कललेली. मुक्कामाला सपाट कुरण शोधायचं, हाच तिथे मुख्य उपाय. थोडं कललं तरी त्रास माणसालाच व्हायचा. रात्रभर कुशीवरून घरंगळत राहायचं, नाही तर तव्यावरचं तेल एका बाजूला जमलेलं बघायचं. माणूस कुरकुरतो, पण निभावून नेतो.

खेळ बदलला तो मोटार आल्यावर. मोटारीच्या मागे जोडायची गाडी हलकी हवी, म्हणून तिचा आस एकच आणि चाकं दोनच. बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने 1919 मध्ये असल्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा गावी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची मंडळी एकत्र आली. फोर्डच्या मोटारी, मागे घरी ठोकलेल्या पेट्या, आणि ओळख म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा. डबाबंद अन्न खाऊन प्रवास करणारे म्हणून हे नाव. पुढे 1931 मध्ये वॉली बायम यांनी एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि 1936 मध्ये विमानासारख्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या अंगाची 'क्लिपर' आणली. बायम यांची सुरुवात म्हणे बायकोच्या हट्टातून झाली; जमिनीवर तंबूत झोपायला ती तयार नव्हती. जगातले बरेच शोध असेच लागले असावेत, फक्त त्यांची नोंद होत नाही.

आता एका आसाच्या गाडीचं गणित बघा. आपली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैल सोडले की ती पुढे तरी वाकते नाही तर मागे उलटते, म्हणून पुढे टेकण लावावं लागतं. पुढे-मागे ती मुलांच्या सी-सॉसारखी असते. नाक उचला, शेपूट खाली जाते. हे काम कॅराव्हॅनचं पुढचं लहान चाक सहज करतं, हँडल फिरवलं की झालं. पण डाव्या-उजव्या बाजूचं काय? तिथे आस आडवा आहे, दोन टोकांना दोन चाकं. उजवं चाक खळग्यात असेल तर अख्खं घर उजवीकडे कलणार, आणि त्याला कुठलंही हँडल नाही. खालच्या चाकाखाली काही तरी घालून ते वर आणणं, एवढाच मार्ग. आणि चाक त्या 'काही तरी'वर चढवायचं तर ओढणारी गाडी जोडलेली हवी. म्हणून आधी आडवा कल काढायचा, मग चाकं ठोकळ्यांनी अडवायची, मग गाडी सोडायची आणि शेवटी पुढे-मागे. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा जोडून पहिल्यापासून करावं लागतं. कोपऱ्यांच्या पायांबद्दल तर सगळे जाणकार एकच सांगतात, ते पाय घर हलू नये म्हणून आहेत, घर उचलण्यासाठी नव्हेत. त्यांच्यावर भार टाकून एक बाजू उचलायला गेलं की सांगाडा पिळतो.

किती उचलायचं हा प्रश्न मात्र डोळ्यांनी सुटत नाही, आणि इथे या गोष्टीत एक फ्रेंच माणूस येतो.

समपातळी बघायची साधनं फार जुनी. इजिप्तमध्ये लाकडाच्या त्रिकोणाला ओळंबा लटकवून सपाटी बघत. रोमन लोकांच्या वीस फुटी पाटाचं वर्णन व्हिट्रुव्हिअसने केलं आहे. त्याला ओळंबे असत, आणि वाऱ्याने ते हलू लागले तर पाटात कोरलेल्या खोबणीत पाणी ओतून बघायचं. आपला 'पाणसळ' हा शब्दच सांगतो की सपाटीचा निवाडा पाण्याने करायचा. पण काचेच्या बंद नळीत अल्कोहोल भरून आत एक बुडबुडा ठेवण्याची युक्ती मेल्किसेदेक थेव्हेनो या फ्रेंच विद्वानाची, साल 1661 च्या सुमारास. नळी वरच्या बाजूने किंचित फुगीर असते म्हणून बुडबुडा सर्वांत उंच जागी जाऊन थांबतो. अल्कोहोल अशासाठी की ते थंडीत गोठत नाही आणि काचेला चिकटून राहत नाही. हा थेव्हेनो प्रवासवर्णनांचा मोठा संग्राहक होता, पुढे फ्रेंच राजाचा ग्रंथपाल झाला, आणि त्याच्या नावावर पोहण्याच्या कलेचं एक पुस्तकही आहे. आपल्याला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे त्याच्या नात्यातला जाँ द थेव्हेनो 1666 मध्ये सुरतेला उतरला, औरंगाबाद, वेरूळ, गोवळकोंडा असा फिरला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात शिवाजी महाराजांनी दोन वर्षांपूर्वी केलेल्या सुरतेच्या लुटीची हकिकत आहे. परतताना 1667 मध्ये इराणात तो वारला. त्याच्या वृत्तांताचा आधार मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घेतला. एका थेव्हेनोचा बुडबुडा आमच्या पेडण्याच्या भाटात आला आणि दुसऱ्याचं पुस्तक मी कॉलेजात असताना संदर्भासाठी चाळलं. दोघांचा संबंध मात्र मला फार उशिरा कळला. असो. मूळ मुद्द्यावर येतो.

बुडबुडा होता, फळ्या होत्या, तरी बरीच वर्षं कॅराव्हॅनवाल्यांना फार काटेकोर असण्याची गरज नव्हती. ती गरज निर्माण केली शीतकपाटाने. आधीच्या कॅराव्हॅनमध्ये बर्फाची लादी ठेवायची पेटी असे. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोघा विद्यार्थ्यांनी असा फ्रिज काढला, की ज्याला विजेची मोटर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. नुसती एक ज्योत पेटवली की आत थंड होतं. ज्योतीने गारवा, हे ऐकायला कोड्यासारखं वाटतं. 1925 मध्ये इलेक्ट्रोलक्सने तो विकत घेऊन बाजारात आणला. त्याच काळात आइनस्टाइन आणि लिओ सिलार्ड हे दोघेही हलता भाग नसलेल्या फ्रिजच्या मागे लागले होते आणि त्याचं अमेरिकन पेटंटही त्यांना 1930 मध्ये मिळालं. पण घराघरांत आणि पुढे कॅराव्हॅनांत पोचला तो स्वीडिश विद्यार्थ्यांचा. वीज नसलेल्या रानातही गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालणारा फ्रिज! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅराव्हॅनच्या स्वयंपाकघरात त्याने जागा पटकावली.

त्याचं काम चालतं ते असं. पाण्यात विरघळलेला अमोनिया खाली तापवतात. अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव बनते, उताराने खाली वाहते, हायड्रोजन भरलेल्या नळ्यांत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषते, आणि मग पाणी तिला परत आपल्यात घेतं. पुन्हा तापवणीकडे. हे सगळं वाहणं निव्वळ गुरुत्वाकर्षणावर. नळ्यांना कारखान्यात मोजून दिलेला बारीक उतार असतो. पंप नसल्यामुळे त्या उताराशिवाय कोणी मदतीला नाही. कॅराव्हॅन कलली की एखाद्या नळीचा उतार नाहीसा होतो, द्रव तिथेच तुंबतो, तापवणी कोरडी पडू लागते. ज्योत जळत राहते, मागची बाजू चटका बसेल इतकी तापते, आणि आत दूध नासतं. जास्त दिवस तसंच चाललं तर नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट घट्ट होऊन बसतं आणि फ्रिज कायमचा जातो. गंमत म्हणजे रस्त्यावर धावताना हा त्रास होत नाही. हेलकाव्यांत द्रव एका जागी तुंबत नाही. घर उभं राहिलं की कटकट सुरू. पुढे निघालेल्या फ्रिजांना बाजूच्या दिशेने सुमारे तीन अंश आणि दुसऱ्या दिशेने सहा अंशांपर्यंत कल चालतो, असं बनवणारे सांगतात. जुन्यांना तेवढाही चालत नसे. म्हातारा दर वेळी आत जाऊन बघत होता तो बुडबुडा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला होता, हे मला नंतर कळलं. माणसाच्या झोपेसाठी बोटभर इकडेतिकडे चाललं असतं. त्या ज्योतीसाठी चालत नव्हतं.

आता आमच्या भाटाकडे परत येऊ.

आठ-दहा दिवस सगळं ठीक होतं. मग एका सकाळी म्हातारी आमच्या पायरीवर आली आणि आईला हातवारे करून काही विचारू लागली. आईला एवढंच कळलं की काही तरी थंड ठेवायचं आहे. आमच्याकडे फ्रिज नव्हता. वाड्यावर एकच होता, नाक्यावरच्या बारवाल्याकडे. आईने मला तिच्याबरोबर पाठवलं. म्हातारीच्या हातात फडक्यात गुंडाळलेला डबा होता. बारवाल्याला इंग्रजी येत होतं. त्याने डबा उघडून बघितला आणि मला म्हणाला, "अरे, ही डायबिटीसची इंजेक्शनां." तीन महिन्यांचा साठा होता तो. जर्मनीहून आणलेला, वाटेत वाळवंटातूनही थंड ठेवत आणलेला. बीअरच्या बाटल्यांच्या शेजारी त्याने तो डबा ठेवून दिला आणि त्याच रात्री वीज गेली. तेव्हा आमच्याकडे वीज जायची म्हणजे वायरमन उजाडल्यावर सायकलवरून येईपर्यंत जायची.

इकडे म्हातारा बिथरला होता. त्याने गॅसची टाकी बदलून पाहिली, ज्योतीचं नळकांडं साफ केलं. ज्योत निळी, ठणठणीत. मग त्याने बुडबुडा बघितला असावा, कारण दुपारी मी शाळेतून आलो तर तो कोपऱ्याच्या पायाखाली फळी घालून हँडल जिवाच्या आकांताने फिरवत होता. ज्या माणसाने पहिल्या दिवशी सगळं क्रमाने केलं, तोच आता व्हॅन न जोडता उजवी बाजू पायावर उचलू पाहत होता. फळी वाळूत गेली, पाय वाकला, आणि कॅराव्हॅनचा दरवाजा चौकटीत अडकून बसला. म्हातारी आत होती. तिला खिडकीतून बोलताना मी बघितलं आणि घरी धावत गेलो.

माझे बाबा गवंडी होते. त्या दिवशी ते शेजारच्या वाड्यावर एका भाटकाराची गडगा-भिंत बांधत होते. आईने मला तिकडे पिटाळलं. बाबा थापी धुऊन, अर्ध्या दिवसाचा रोज सोडून आले. आले ते हातात पाण्याची नळी घेऊन: बोटाएवढी जाड, पारदर्शक, सात-आठ मीटर लांब. गवंड्यांची खरी पाणसळ ती. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला उभं राहतं, मधे कितीही वळसे असोत. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. म्हाताऱ्याच्या साधनात बुडबुडा हवा, बाबांच्या साधनात तो असला तर सगळं खोटं. याची मला आजही मौज वाटते.

आधी त्यांनी खुणेने म्हाताऱ्याला तो वाकलेला पाय वर घ्यायला लावला. दार सुटलं, म्हातारी बाहेर आली. मग नळीचं एक टोक माझ्या हातात देऊन मला डाव्या बाजूला उभं केलं, स्वतः उजवीकडे गेले. मी म्हटलं, "बाबा, मला तर दिसतंय, अगदी थोडंच कललंय." मागे समुद्राची रेघ, पुढे वाकडे माड, त्यात काय सरळ, काय कललेलं, कोणाला सांगता येणार? ते म्हणाले, "डोळ्यांक दिसता ता खरा न्हय रे, उदकाक दिसता ता खरा. हात हालवू नको." पाणी थांबल्यावर त्यांनी दोन्हीकडे पाण्यापासून कॅराव्हॅनच्या खालच्या पट्टीपर्यंत मोजलं. फरक चार इंच. दोन्ही चाकांत अंतर सुमारे सहा फूट. तेव्हा मला कोनाबिनाचं काही कळत नव्हतं. आता हिशेब केला तर तो कल सव्वातीन अंशांच्या आसपास निघतो. म्हणजे फ्रिज का रुसला ते कागदावरही दिसतं.

चार इंच आले कुठून? बाबांनी उजव्या चाकाजवळची वाळू हाताने उकरली आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. तिथे पूर्वी एक माड होता, पडून गेलेला. त्याचं आळं पालापाचोळ्याने आणि वाळूने भरलं होतं. वरून सपाट, आत पोकळ. घराचं अर्धं वजन त्यावर दहा दिवस उभं राहिल्यावर ते हळूहळू बसत गेलं. म्हाताऱ्याची पहिल्या दिवशीची मोजणी चुकली नव्हती, जमीन नंतर बदलली. पण रोज सकाळी एकदा बुडबुडा बघितला असता तर ते कळलं असतं. हे बाबा त्याला सांगत नव्हते, मला सांगत होते. त्यालाही बहुतेक कळलं.

व्हॅन पुन्हा जोडली. ठोकळे काढून कॅराव्हॅन वावभर पुढे घेतली. बाबांनी आळं खणून काढलं, त्यात खडी आणि फुटके चिरे टाकून धुमसाने बसवले, आणि वर दोन चिरे शेजारी-शेजारी मांडले, असे की वरची बाजू ठरल्याइतकीच वर राहील. दोन्ही चिऱ्यांवर नळी धरून पुन्हा बघितलं. पुढे उताराला फळ्या लावल्या. म्हातारीने व्हॅन मागे घ्यायला सुरुवात केली, आणि इतका वेळ गप्प असलेला म्हातारा जर्मनमध्ये ओरडून तिला डावं-उजवं सांगू लागला. बाबा कोकणीत ओरडत होते. चाक चढलं, थोडं पुढे गेलं, परत आलं, दुसऱ्या खेपेला बरोबर चिऱ्यांच्या मध्यावर थांबलं. म्हातारा आत गेला आणि लगेच दारात येऊन त्याने बाबांना हाताने बोलावलं. बाबा पायताणं काढून आत गेले. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये होता, असं ते घरी येऊन आईला सांगत होते, आणि हेसुद्धा, की "तांचा घर बरा आसा, पण न्हाणी केवढी? आपल्या कोंबड्यांच्या गुड्याएवढी."

असला फ्रिज थंड व्हायला पुष्कळ तास घेतो. रात्रभर कोणी काही बोललं नाही. सकाळी म्हातारी आमच्या दारात आली, या वेळी एका वाटीत बर्फाचे चार खडे घेऊन. आजीने ते घेतले आणि काय करायचं ते न सुचून तुळशीत घातले. इंजेक्शनांचा डबा मी बारवाल्याकडून परत आणून दिला. वीज पहाटे आली होती. साठा खराब झाला होता की नाही ते त्यांनाच माहीत. पण ते जोडपं मार्चपर्यंत आमच्या भाटात राहिलं, आणि म्हातारी रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जात होती. बाबांनी पैसे घेतले नाहीत. म्हाताऱ्याने स्वतःची बुडबुड्याची पट्टी देऊ केली, तीही घेतली नाही. त्यांना नळीवरच विश्वास होता.

आता हे सगळं बरंच सोपं झालं आहे. पायऱ्या-पायऱ्यांचे प्लॅस्टिकचे ठोकळे मिळतात, चाकाखाली घालून हवा भरायच्या पिशव्या मिळतात, मोठ्या गाड्यांना बटण दाबलं की आपोआप सरळ होणारे हायड्रॉलिक पाय असतात, आणि बुडबुडा मोबाइलमध्ये आला आहे. छतावर सौर तबकं आणि आत चांगली बॅटरी असली की घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रिज चालतो, त्याला कलण्याचं फारसं वावडं नाही. म्हणजे प्लाटेन आणि मुन्टर्स यांच्या ज्योतीने लावलेली शिस्त हळूहळू सैल होत आहे, आणि कॅराव्हॅनवाला पुन्हा आपल्या झोपेपुरतं आणि तव्यातल्या तेलापुरतं बघणार. चाक वर चढवायचं काम मात्र तेच आहे. एक आस, दोन चाकं, आणि त्यांतलं एक नेहमी खाली.

ते दोन चिरे आमच्या भाटात तसेच राहिले. बाबांनी ते उचलले नाहीत. म्हणाले, पुढल्या वर्षी ती दोघं परत आली तर पुन्हा कोण खणणार? ती आली नाहीत. आई मग त्यांवर कपडे आपटू लागली. 2009 मध्ये बाबा गेले, आणि नंतर घर वाढवताना तिथे पाण्याची टाकी आली, तेव्हा नव्या गवंड्याने मला विचारलं, "हे चिरे कोणी बसवलेत? काढायला जीव जातोय."